थंडीत नेपाळ वीज विकत का घेतो?

प्रश्न : नेपाळात हिमालयातल्या बारमाही नद्या आहेत. पावसाळ्यात तो देश आपल्याला वीज विकतो. मग थंडीत आपल्याकडूनच विकत का घेतो? बर्फाच्या नद्या तर आटत नाहीत ना?

उत्तर : आटत नाहीत, पण फार रोडावतात. नेपाळचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडून जातो, आणि उन्हाळ्यात वितळणारा बर्फ थंडीत डोंगरावरच गोठून राहतो. पौष-माघात नदीत पाणी सर्वांत कमी, आणि नेमके तेव्हाच काठमांडूत घरोघर हीटर लागतात.

अशा वेळी साठवलेलं पाणी हवं. आपल्या कोयनेच्या शिवसागरात सुमारे 105 टीएमसी पाणी मावतं. ते हवं तेव्हा सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवता येतं. आषाढातलं पाणी चैत्रातही वीज देतं. नेपाळात मात्र बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. 2021 मध्ये सुरू झालेला अप्पर तामाकोशी तिथला आजवरचा सर्वांत मोठा, 456 मेगावॅटचा. पाणी 800 मीटरहून जास्त खाली उतरतं, म्हणून सेकंदाला 66 घनमीटर एवढ्यावर सगळे सहा संच पूर्ण जोराने फिरतात. थंडीत नदी तेवढंही देत नाही. मग दिवसभर बंधाऱ्यामागे पाणी अडवायचं आणि संध्याकाळी, मागणी चढली की, काही तास संच चालवायचे. इतर प्रकल्पांना बहुधा एवढीही सोय नाही. थंडीत देशाचं जलविद्युत उत्पादन क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं ते यामुळे.

ऋतूभर पुरेल असा साठा आहे तो कुलेखानीत, पण तो प्रकल्प 1982 चा आणि मूळ क्षमता फक्त 60 मेगावॅट. त्यातही 1993 च्या अतिवृष्टीत दरडी कोसळल्या आणि जलाशयात प्रचंड गाळ आला.

2008-09 च्या हिवाळ्यात नेपाळात दिवसाला 16 तासांपर्यंत भारनियमन होतं. 2016 नंतर, कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख असताना, ते संपलं. वाटपाला शिस्त लागली हे खरंच, पण ढल्केबर–मुझफ्फरपूर वाहिनीवरून येणाऱ्या भारतीय विजेचाही त्यात मोठा वाटा होता. म्हणून थंडीतली खरेदी ही मला नामुष्की वाटत नाही. पावसाळ्यात द्यायची, हिवाळ्यात घ्यायची, हा शेजाऱ्यांमधला शहाणा व्यवहार आहे.

मग मोठी धरणं का बांधत नाहीत? 1200 मेगावॅटचा बूढी गंडकी प्रकल्प कित्येक वर्षं कागदावर आहे. त्यासाठी हजारो कुटुंबांची सुपीक खोऱ्यातली घरं-शेतं पाण्याखाली जातील. कोयनेच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं, हे ठाऊक असलेल्या आपण तरी नेपाळला 'बांधून टाका' असं सांगू नये. त्यामानाने लहान असा 140 मेगावॅटचा जलाशय-प्रकल्प तनहुँ जिल्ह्यात सेती नदीवर हाती घेतलेला आहे. पण एवढ्याने हिवाळ्याची तूट भरून निघणार नाही. थंडीतली आयात आणखी काही वर्षं तरी चालूच राहील.