खोली तिरकी सरकते. बटण दाबू की बोल्ट पिळू?

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. त्याची सरकती खोली, म्हणजे स्लाइड-आउट, आत घेताना पुढची बाजू भिंतीला नीट बसते; मागची मात्र दोन बोटं बाहेरच राहते. नवरा म्हणतो, बटण दाबून धर, येईल आत. भारतातून आलेले सासरे म्हणतात, खालचा बोल्ट पिळायला हवा. दुरुस्तीवाला पुढच्या महिन्याची तारीख देतो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, पण एकाच ट्रेलरच्या बाबतीत नाही. आणि तुमचा ट्रेलर कुणाच्या बाजूचा आहे हे कळेपर्यंत दोघांनाही हात लावू देऊ नका.

आधी ही खोली आली कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या रस्त्यांवर गाडीची रुंदी साधारण साडेआठ फुटांच्या, म्हणजे 102 इंचांच्या आत ठेवावी लागते. धावताना अरुंद आणि थांबल्यावर ऐसपैस, अशी दुहेरी मागणी पुरी करायला भिंतीचा तुकडाच सोफ्यासकट बाहेर ढकलायची युक्ती निघाली. इंडियाना राज्यातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने 1990 मध्ये ती मोटरहोममध्ये आणली. युक्ती उत्तम, पण यात चालत्या घराच्या भिंतीला भलंमोठं भोक पाडावं लागतं, आणि हादरे खाऊन ते भोक गुण्यात राहीलच असं नाही. कपाटाचा खण एका कोपऱ्याने ओढला की जसा अडतो, तशी ही खोली अडते. फरक इतकाच, की खणात सोफा आणि जेवणाचं टेबल नसतं.

आता बाहेर जाऊन खोलीकडे नीट बघा. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, वर आणि खाली, ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसतात का? मग ती श्विंटेक पद्धतीची रचना. तिच्यात दोन बाजूंना दोन स्वतंत्र मोटरी असतात आणि त्यांना एकमेकींशी जोडणारा लोखंडी दांडा नसतो. दोघींनी किती अंतर कापलं हे कंट्रोलर विजेच्या ठोक्यांवरून मोजतो आणि त्यांना जोडीने चालवतो. खोली अर्ध्यात थांबवायची, थोडी आत, पुन्हा थोडी बाहेर, असा खेळ वारंवार झाला की ही मोजदाद चुकत जाते आणि एक बाजू मागे पडते.

इथे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर, दिशा मात्र उलटी. अडलेली खोली आत रेटायची नाही. ती पूर्ण बाहेर काढा आणि दोन्ही मोटरी आपणहून थांबेपर्यंत बटण सोडू नका. मग एक-दोन इंच आत घेऊन पुन्हा पूर्ण बाहेर. असं काही वेळा केलं की दोन्ही बाजू टोकाला टेकतात आणि हिशोब पुन्हा जुळतो. तरीही एक बाजू हललीच नाही, तर कंट्रोलरवर दोन्ही मोटरींच्या तारांची अदलाबदल करून बघतात. त्यानंतरही तीच बाजू ढिम्म राहिली तर मोटर किंवा तिची तार बिघडली. आता दुसरी बाजू अडली तर कंट्रोलर.

पट्ट्या नसतील आणि ट्रेलरच्या जमिनीखालून खोलीला धरणारे दोन जाड पोलादी गज दिसले, तर सासऱ्यांचं पारडं जड. इथे सहसा एकच मोटर असते आणि आडवा दांडा दोन्ही गजांची दातेरी चाकं फिरवतो. त्या दांड्याच्या जोडावर काही रचनांत मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट असतो. जोर फार झाला की तो तुटतो आणि महागडी चाकं वाचतात. तो तुटला की एक बाजू फिरते, दुसरी ढिम्म. तेव्हा सगळ्यात आधी तो बघा, आणि बदलताना ‘मजबूत बरा’ म्हणून भलताच कडक बोल्ट घालू नका. तो शाबूत असेल तरच, खोलीच्या बाहेरच्या कडेखाली जिथे गज जोडलेला असतो, तिथले बोल्ट हाताळायचे. एका बोल्टने खोली वर-खाली होते, दुसऱ्या जोडाने आत-बाहेर. जुनी जागा मार्करने आखून ठेवा, खोलीखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्या, मगच नट सैल करा आणि पाव-पाव फेरा पिळून दर वेळी माप घ्या. चारही कोपऱ्यांना तारा दिसल्या तर ती तिसरी जात. तिथे तारांचा ताण जुळवावा लागतो आणि एक तार ओढली की बाकीच्या बिघडतात. माझं मत विचाराल तर ते काम पुढच्या महिन्याच्या तारखेवर सोडावं.

रचना कुठलीही असो, पाना उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा. ट्रेलरमध्ये पाणसळ ठेवा. चाकं उंचसखल जागी असतील तर सांगाडाच पिळतो आणि चांगली खोलीही अडते. ट्रेलरचे आधाराचे पाय टेकवायचे आधी की खोली सरकवायची आधी, हे मात्र त्या ट्रेलरच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा, कारण प्रत्येक कंपनीचं म्हणणं वेगळं. मग बॅटरी. भरलेली शिशाची बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. खोली सरकताना आकडा 12 च्या बराच खाली कोसळत असेल, तर बाहेरची वीज जोडून पुन्हा प्रयत्न करा. जिच्या तारेचा जोड गंजलाय ती मोटर कमी विजेत आधी दमते. पुष्कळदा दुरुस्ती इथेच संपते आणि सासऱ्यांचा पाना पिशवीतच राहतो.

काम चालू असताना खोली आणि भिंतीच्या फटीत कुणी हात घालायचा नाही, खोलीखाली जायचं असेल तर बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्हींची जोडणी काढूनच. मुलं दूर.

खोली सरळ बसली की कडेचं रबर बघा. तिरक्या चालीत ते दुमडतं किंवा फाटतं, आणि पाणी तिथूनच जमिनीच्या प्लायवूडमध्ये मुरतं. नवऱ्याला पाण्याची नळी द्या. त्याने खालून वर, सावकाश धार मारायची. सासऱ्यांना आत टॉर्च घेऊन बसवा. ओल दिसली नाही तर रबर पुसून त्याच्यासाठीचा सिलिकॉनचा फवारा मारा. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस तिथे लावू नका, रबर फुगतं.