पडवीतील मडके आणि कॅमेऱ्याचे अंक

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला मोठा पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली होती, हे वाचकांना स्मरत असेलच. पाणी ओसरल्यावर पंचनामे करणाऱ्या पथकासोबत प्रस्तुत लेखकही कॅमेरा घेऊन नदीकाठच्या घरांतून फिरला. एका अंधाऱ्या खोलीत पुराच्या गाळाची रेघ भिंतीवर छातीइतक्या उंचीवर उमटली होती. छायाचित्र काढले, पण त्यात खिडकीबाहेरचे आभाळ तेवढे नीट आले, भिंत काळीकुट्ट. पुन्हा जाईपर्यंत घरमालकाने भिंतीला चुना लावला होता. पाणी किती चढले याचा तो पुरावा गेला तो गेलाच.

दोष यंत्राचा नव्हता. स्वयंचलित रचनेत कॅमेरा चौकटीतील प्रकाश मोजतो आणि चित्र सरासरीने मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. खिडकी उजळ म्हणून त्याने प्रकाश आवरला. आपल्याला आभाळ हवे की रेघ, हे त्याला कसे कळावे? ज्याला ते ठाऊक आहे, त्याला कॅमेऱ्याचे अंक स्वतः फिरवता आले पाहिजेत.

यासाठी शिबिराची वाट पाहण्याचे कारण नाही. बदलापूरजवळच्या खरवई येथे एका आप्तांच्या पडवीत, थंडीतल्या एका रविवारी, आम्ही व दोन शिक्षकमित्रांनी एका मडक्यावर हा अभ्यास केला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली होती. तेथे कॅमेरा स्थिर होता, रोप बदलत होते. आमचे मडके स्थिर होते. बदलायचे ते कॅमेऱ्याचे अंक. तेही मोजून आणि वहीत लिहून.

मडके प्रथम भर उन्हात ठेवले. आयएसओ, म्हणजे प्रकाशग्रहणाची क्षमता, १००. भिंगाचे छिद्र एफ १६. शटरचा वेग सेकंदाचा १/१२५ भाग. चित्र ठीक आले. मग छिद्र एफ ८ केले. येथे नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो, कारण अंक लहान झाला की छिद्र मोठे होते. १६, ११, ८ अशा प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. दोन पायऱ्यांनी तो चौपट झाला, म्हणून शटर १/५०० वर नेले. उजेड दोन्ही चित्रांत सारखाच. पण पहिल्यात मडक्यामागचे कुंपण काटकीन्‌काटकी दिसत होते, दुसऱ्यात ते पुसट झाले. रस्त्याचे काम आणि त्यामागची शाळा एकाच चित्रात दाखवायची असेल, तर लहान छिद्रच हवे.

नंतर मडके सावलीत आणून त्यात तांब्याने पाणी ओतले. एफ ११ व १/३० ला धार दोऱ्यासारखी अखंड दिसली. थेंब सुटे दिसावेत म्हणून १/५०० हवे होते; पण आमचे भिंग एफ ५.६ पलीकडे उघडेना. तेव्हा आयएसओ ४०० केला. थेंब मिळाले, त्याबरोबर किंचित रवाळपणाही आला. आयएसओ वाढवण्याची ही किंमत असते. पुराव्याच्या चित्रात ती खुशाल मोजावी.

शेवटी मडके माजघरात, खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवले आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. घरच्या मंडळींची त्यावर थोडी कुरकुर झाली. स्वयंचलित चित्रात रेघ पुन्हा हरवली. मग कॅमेरा स्टुलावर टेकवून आयएसओ ८०० व एफ ४ कायम ठेवले आणि फक्त शटर बदलत गेलो. १/१२५ ला अंधार, १/६० ला अंदाज, १/३० ला रेघ स्वच्छ. खिडकी मात्र पांढरीफटक. ती तशी जाऊ द्यावी. एवढ्या मंद वेगाला हात हलतो, म्हणून आधार अत्यावश्यक आहे.

मोबाइल वापरणाऱ्यांनी त्यातील ‘प्रो’ रचना उघडून पाहावी. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र ठरलेले असते. शटर आणि आयएसओ मात्र बदलता येतात. भिंतीवरील रेघेचे चित्र घेताना शेजारी जमिनीपासून मोजपट्टी उभी धरावी आणि तिचे आकडे वाचता येतात की नाही, हे खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी पडद्यावर मोठे करून तपासावे.