वेगळं कार्ट्रिज घेण्याआधी

टर्नटेबलसाठी चारचौघांपेक्षा वेगळं कार्ट्रिज घ्यायला माझी हरकत नाही, पण ते केवळ आवाजाच्या मोहात पडून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कार्ट्रिज एकटं कधीच वाजत नाही. ते टोनआर्मवर बसतं, त्याचा क्षीण सिग्नल फोनो स्टेज वाढवते आणि त्याची सुई खाचेत घासत हळूहळू झिजत असते. नेहमीचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज या तिन्ही बाबतींत सोशिक असतं. त्याचा सिग्नल साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, त्याला लागणारा ४७ किलोओहमचा लोड बहुतेक अँप्लिफायरांत असतोच आणि सुई झिजली की ओढून काढून नवी बसवता येते. रुळलेली वाट सोडून बनवलेलं कार्ट्रिज यांपैकी एक तरी सोय काढून घेतं, आणि बहुधा त्या बदल्यातच त्याला त्याचा खास गुण मिळालेला असतो. म्हणून ते कसं वाजतं याच्या आधी ते आपल्याकडून काय काय मागणार आहे, हे विचारावं.

ब्रिटनच्या डेक्का कंपनीचं, पुढे ‘लंडन’ या नावाने विकलं गेलेलं कार्ट्रिज याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. इतर कार्ट्रिजमध्ये हिऱ्याची सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते. या दांडीला कॅन्टिलिव्हर म्हणतात. मॅग्नेट किंवा कॉइल त्या दांडीच्या दुसऱ्या टोकाशी, रबराच्या आधाराजवळ असतं. म्हणजे खाचेतली थरथर दांडीतून प्रवास करून मग विजेत उतरते. डेक्काने ही दांडीच वगळली. सुई एका छोट्या लोखंडी पट्टीच्या टोकाला बसवली आणि तिची हालचाल सुईच्या लगेच वर टिपली. आडव्या हालचालीसाठी वेगळी कॉइल, उभ्या हालचालीसाठी वेगळी, आणि दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीतून डावा आणि उजवा चॅनल. तबल्याची थाप किंवा पियानोच्या पट्टीवरचा आघात या कार्ट्रिजवर जसा थेट अंगावर येतो, तसा दुसरीकडे क्वचितच येतो. हा चाहत्यांच्या मनाचा खेळ नाही. दांडी थोडी का होईना वाकते, रबर थोडी ऊर्जा साठवून उशिरा परत करतं, आणि ते दोन्ही इथे नाही.

पण ते रबर तिथे उगाच नव्हतं. सुईची जादा ऊर्जा शोषून घेणं हे त्याचं काम. ते नसलं की ही ऊर्जा थेट टोनआर्ममध्ये शिरते, आणि आर्मला सिलिकॉन तेलाचं डॅम्पिंग नसेल तर आवाज कर्कश होतो, सुई खाचेत अस्वस्थ राहते. शिवाय उभ्या दिशेने हे कार्ट्रिज फार कडक आहे, त्यामुळे वाकलेल्या रेकॉर्डवर ते अडखळतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात रेलून राहिलेल्या किती एलपी अजून सपाट असतील, याचा विचार मराठी संग्राहकाने इथेच करावा. आर्म डॅम्पिंगचा आणि रेकॉर्ड सपाट असेल, तर डेक्का अप्रतिम. यातलं एक जरी नसेल, तर तेच पैसे साध्या कार्ट्रिजवर जास्त संगीत देतील.

आर्म आणि कार्ट्रिज जुळतात का, याचा अंदाज कागदावर काढता येतो आणि तो काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कंप्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास यायला हवं. २० ग्रॅमचा जड आर्म, ६ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि ३० कंप्लायन्स धरलं तर उत्तर येतं साधारण ५.६ हर्ट्झ. रेकॉर्डच्या वाकांची आणि घरात चालणाऱ्या पावलांची थरथर याच पट्ट्यात असते, त्यामुळे वूफर विनाकारण आत-बाहेर होत राहतो. एक सावधगिरी मात्र हवी. अनेक जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्झवर मोजतात. डेनॉनचं १९६२ पासूनचं डीएल-१०३ असंच ५ हा आकडा सांगतं. हिशेबाला लागणारा १० हर्ट्झवरचा आकडा त्याच्या दीडपट ते दुप्पट धरावा लागतो. आर्म हलका असेल तर हेडशेलवर, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकावर, वजन वाढवून जुळवता येतं, पण जड आर्म सहजासहजी हलका करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

फोनो स्टेजची अट पुष्कळांना उशिरा कळते. डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइलचा सिग्नल ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजपेक्षा जवळजवळ २४ डेसिबल खाली. त्याला वेगळी स्टेज किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो. डीएस ऑडिओसारख्या ऑप्टिकल कार्ट्रिजचं प्रकरण आणखी वेगळं. ते सुईचा वेग मोजत नाही, तिचं सरकणं मोजतं. त्यामुळे नेहमीची फोनो स्टेज त्याला चालतच नाही, त्याचा स्वतःचा इक्वलायझर सोबत घ्यावा लागतो. किंमत विचारताना दोन्हींची मिळून विचारावी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कान हाच खरा निवाडा, आकडे कशाला? कानाचा मान मीही ठेवतो. पण दुकानात किंवा मित्राकडे ऐकलेला आवाज त्यांच्या आर्मचा, त्यांच्या स्टेजचा आणि त्यांच्या खोलीचाही असतो. शिवाय वरच्या पट्टीत उंचवटा असलेलं कार्ट्रिज पहिल्या दहा मिनिटांत ‘स्पष्ट’ वाटतं आणि संध्याकाळभर ऐकल्यावर थकवतं. दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: सगळ्यांनी सुरक्षितच निवडलं तर वेगळं काही बनवणार कोण? म्हणूनच वेगळेपणाची जिथे खरी गरज आहे तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहतो. भारतात ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड १९६० च्या दशकातही निघत होत्या, आणि जुनं नाट्यसंगीत, जुनी ख्यालगायकी आपल्या घरांत त्याच रूपात टिकली आहे. त्या खाचेला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची १५ ते १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी बसून खरखर गोळा करते. इथे रुंद सुईचं मोनो कार्ट्रिज घ्यावंच, कारण उभ्या दिशेची खरखर ते आवाजात येऊ देत नाही. फक्त ते स्टीरिओ रेकॉर्डवर चुकूनही ठेवू नये. ज्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली हलत नाही, ते स्टीरिओची खाच खरवडून काढतं.

शेवटी दुरुस्तीचं पाहावं. वेगळ्या कार्ट्रिजची सुई बहुधा घरी बदलता येत नाही. ते बनवणाऱ्याकडे परत पाठवावं लागतं आणि पुष्कळदा तो एखाद-दुसरा कारागीरच असतो. भारतातून पाठवायचं तर टपाल आणि सीमाशुल्क दोन्हीकडून. जुनं, वापरलेलं कार्ट्रिज स्वस्त मिळत असेल, तर त्याचं रबर वयाने कडक झालेलं असणार असं धरूनच चालावं, सुईचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावं आणि नवं टोक बसवून देणारा कोण, हे विकणाऱ्याला घेण्याआधीच विचारावं. त्याला नाव सांगता आलं नाही, तर ते कार्ट्रिज तिथेच राहू द्यावं.