बटणं खालून लावायची

कोल्हापूर, चैत्र

चि. सौ. माईस,


सोन्या जूनमध्ये पहिलीत जाणार म्हणून तू त्याला रात्री जेवणं झाल्यावर बाराखडी गिरवायला बसवतेस, असं वहिनी सांगत होत्या. ते आधी बंद कर. अक्षरं शिकवायला शाळेत बाई आहेत, झोप मात्र घरातच मिळते.

पोरांची झोप पुरी होत नाही म्हणून तर सरकारने 2024 साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरवलं. पण घरात मालिका अकरापर्यंत चालत असतील तर त्याचा काय उपयोग? या वयाला दहा तास तरी झोप लागते. साडेआठला अंथरूण घाल, गोष्ट सांग. रोज तीच मागेल, तीच सांग. सकाळची रडारड आदल्या रात्रीच सुरू झालेली असते.

उठल्यावर ठरल्या वेळी संडासला बसव, स्वतःचं स्वतः धुऊ दे. बाईंना सांगायला लाजून दिवसभर कळ सोसणारी पोरं अंगणवाडीत मी फार पाहिली.

आता रेनकोट. तुमच्या आजऱ्यात शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. पोरगं वरून टिचबटणं लावत येतं, मध्येच एक चुकतं आणि खाली एक बाजू लोंबत राहते. मग ते हातपाय गाळून उभं! खालून लावायला शिकव, चुकत नाही. वेळ लागेल, पण तू हात लावू नकोस. सासूबाईंनाही सांग (गोड शब्दांत).

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा पोरांची अंघोळ, नखं, केस हाही शिक्षणाचाच भाग होता. खेळायला दगड, शिंपले, बिया. तुमच्याकडे तर सध्या काजू वाळत पडले असतील. मोठी बी, बारकी बी निवडू दे, दहा-दहाचे ढीग घालू दे. फोडायला मात्र देऊ नकोस, टरफलातल्या तेलाने हात भाजतो. संध्याकाळी ताटं त्यानेच मांडावीत, माणसं मोजून. आजोबांचं ताट राहिलं तर ते ओरडतीलच, पुढच्या वेळी पोरगं बरोबर मोजेल.

रेनकोट मे महिन्यातच घे, एक माप मोठा. दप्तरावरून घालायचा असतो.

तुझी,
आत्या