कुत्र्यासाठी घरी शिवलेलं खेळणं: खर्च किती, काटकसर कुठे?

पेट शॉपमधलं मऊ कापडी खेळणं साधारण 300 ते 800 रुपयांना पडतं आणि दात शिवशिवणारं पिल्लू दोन दिवसांत त्याचा फडशा पाडतं. तसंच खेळणं घरी 60 ते 200 रुपयांत शिवून होतं. मात्र काटकसर करायची ती कापडात. शिवणीत केलीत तर ती महागात पडेल.

खर्चाचा हिशेब

हाडाच्या आकाराचं, 25 सेंटिमीटर लांबीचं खेळणं धरलं आहे. गावानुसार आणि दुकानानुसार भाव मागेपुढे होतील.

- कापड: जुन्या जीन्सचा पाय वापरलात तर फुकट. नवं फ्लीस अर्धा मीटर 100 ते 150 रुपये. त्यात दोन खेळणी होतात.
- भरण: 100 ते 150 ग्रॅम रेकरॉन, सुमारे 30 रुपये. गादीवाल्याकडे सुटं मिळतं.
- दोरा: पॉलिएस्टरचा जाड दोरा, 20 ते 30 रुपयांचं रीळ.
- शिट्टी (ऐच्छिक): सुमारे 20 रुपये.
- टेलरची शिलाई: 60 ते 100 रुपये.

म्हणजे जुनं कापड आणि हातशिलाई असेल तर साधारण 60 रुपये, शिट्टीसह 80. नवं कापड घेऊन टेलरकडून शिवून घेतलंत तर एका खेळण्याला 200 च्या आसपास.

कापड आणि भरण

डेनिम, कॅनव्हास किंवा घट्ट विणीचं फ्लीस घ्या. जुन्या स्वेटरचे धागे उसवतात, ते नको. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडेही टाळा; त्या गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात. कापड आधी साबणाने धुऊन भरपूर पाण्यातून खळबळून काढा. थर्मोकोलचे मणी, धान्य किंवा कपड्यांच्या चिंध्या भरू नका. जुन्या गादीतला कापूस पावसाळ्यात लवकर वाळत नाही, त्याला बुरशी धरते.

शिवायचं कसं

कापड उलट्या बाजूने दुहेरी घडी घालून आकार आखा आणि कडेला एक सेंटिमीटर माया सोडून कापा. भरण घालायला सहा-सात सेंटिमीटरची फट ठेवा. मशीनवर बारीक टीप मारा आणि तिच्याशेजारी दुसरी. डेनिमला 16 नंबरची सुई लागते. टेलरला ‘डबल टीप आणि ओव्हरलॉक’ एवढं सांगितलं तरी पुरतं. हाताने शिवताना धावदोरा पुरत नाही, उलटी टीप घाला. एक टाका तुटला तरी पुढचे धरून राहतात.

सुलटं करून भरण घातल्यावर शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहा. टाक्यांमधून पांढरं भरण डोकावलं, तर पुन्हा टीप मारा. मगच फट बंद करा.

डोळ्यांसाठी बटणं, मणी, कानांसाठी लोंबत्या नाड्या, लेस काहीही लावू नका. तोंड-डोळे जाड दोऱ्याने भरून काढा. शिट्टी घालायचीच तर ती आधी वेगळ्या कापडी पिशवीत शिवा.

कोणासाठी नको

खेळणं कुत्र्याच्या जबड्यात पूर्ण जाऊ नये एवढं मोठं हवं. फाडून गिळणाऱ्या कुत्र्याला भरलेलं कापडी खेळणं देऊच नका; त्याला चावायचं मजबूत रबरी खेळणं बरं. दुधाचे दात पडत असलेल्या चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाला फ्रीजमध्ये थंड केलेला ओला, जाड टॉवेल समोर बसून चघळू द्या. खर्च शून्य आणि हिरड्यांना आराम.

टाकायचं कधी

खेळणं तुमच्या नजरेसमोरच द्या आणि नंतर उचलून ठेवा. शिवण उसवली तर लगेच दुरुस्त करा, कापड फाटलं तर टाकून द्या. गिळलेला दोरा किंवा चिंधी आतड्यात अडकली, तर ऑपरेशनचा खर्च सहज पाच आकडी होतो, जीवावरही बेततं. उलट्या, खाणं बंद, शी न होणं यांतलं काही दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो ओढू नका. आत आतडं कापलं जाऊ शकतं.