व्हिक्टोरियातली कॉफी

सिॲटलच्या धक्क्यावर आमचं जहाज उभं होतं आणि काउंटरवरची मुलगी आमच्या पासपोर्टची पानं तिसऱ्यांदा उलटत होती. "कॅनडाचा व्हिसा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आम्ही अलास्काला चाललोय, कॅनडाला नाही." अलास्का अमेरिकेचाच, अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे होता, आणि भूगोल तर मी तीस वर्षं शाळेत शिकवलेला. हिमनदी फळ्यावर निळ्या खडूने काढायची, प्रत्यक्षात कधी पाहिलेली नव्हती. निवृत्तीनंतर तेवढं एक बघायचं होतं.

भूगोल बरोबर होता. नडला तो कायदा.

अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा अजून चालतो. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, फक्त अमेरिकेचीच बंदरं फिरवून परत आणून सोडता येत नाही. मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. ही मोठाली जहाजं बहुतेक बहामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली. म्हणून सिॲटलहून अलास्काला जाऊन येणारं जहाज काही तासांसाठी कॅनडाच्या बंदराला लागतं, बहुधा व्हिक्टोरियाला. करोनात कॅनडाने आपली बंदरं बंद ठेवली, तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेला तात्पुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला होता! आमच्यासाठी कोण करणार?

आमच्या घरात हा विषय निघालाच नव्हता, कारण नातू अमेरिकेचा नागरिक आणि मुलगा-सून ग्रीन कार्डवाले. त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीय आईवडिलांना लागतो, आणि 'आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही' असं म्हणून भागत नाही. मुलगा म्हणाला, "आई, आम्हीही थांबतो." पण पैसे परत मिळणार नव्हते आणि नातू एव्हाना जहाजावरच्या घसरगुंडीकडे बोट दाखवत होता. मी त्यांना अक्षरशः ढकललं. आम्ही दोघं टॅक्सीने घरी आलो. प्रवासासाठी केलेल्या दशम्या आठवडाभर आम्हीच खाल्ल्या.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी आधी कॅनडाचा व्हिसा (बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ लागतो), मग तिकीट. तुमचा अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघा. मध्ये कॅनडाला जाऊन पुन्हा अमेरिकेत शिरायचं असतं.

तरी एक चूक राहिलीच. अलास्काचा समुद्र बेटांच्या आडोशाने शांत असतो, असं ऐकलं होतं. ते खरं आहे, पण सिॲटलची जहाजं बरेचदा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. पहिली रात्र मी बाथरूमच्या दाराला धरून काढली. ज्यांना बस लागते त्यांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारं जहाज घ्यावं. ते बेटाच्या आतल्या बाजूने जातं.

लोकर न्यावी, पण वरून पाण्याचं आणि वाऱ्याचं जॅकेट हवंच. केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे कोकणाएवढा, फक्त चार महिन्यांत आटपण्याऐवजी वर्षभर पुरवून. माझा घरी विणलेला स्वेटर तिथे भिजला तो सहल संपेपर्यंत वाळला नाही.

आणि तिकिटावर नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलेलं असेल तर कुठली हिमनदी, हे विचारा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना सोडतात, त्यामुळे सगळ्यांचा नंबर लागत नाही. आमचा लागला. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा जवळजवळ तोंडापर्यंत बर्फच होता. आज आमचं जहाज त्याच जागेतून शंभर किलोमीटर आत जात होतं. हे मी वर्गात कधीतरी सांगितलं असेल. पण तेवढं अंतर कापायला सकाळचे कित्येक तास लागतात, हे कठड्याला टेकून उभं राहिल्यावर कळलं. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं आणि सावकाश फिरलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. तेव्हा बाल्कनीच्या खोलीसाठी फार जीव टाकू नका, डेकवर या. एक कडा आवाज न करता पाण्यात कोसळला, आणि मग काही क्षणांनी तोफेसारखा आवाज आला. बर्फ खरोखर निळा होता, माझ्या खडूपेक्षा गडद. हे त्या वेळी खाली जेवत होते. जेवणाची वेळ पाळू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी व्हिक्टोरिया आलं. नातू म्हणाला, "आजी, इथे बघायला काय आहे?" आम्ही दोघं मुद्दाम उतरलो, धक्क्यापासून थोडं चाललो, एकेक कॉफी घेतली आणि परत जहाजावर चढलो. कॉफी बेताचीच होती.