परसातील कुक्कुटपालन : हिवाळा आणि ग्रिटचे महत्त्व

ग्रामीण अर्थव्यवस्थेत परसातील कुक्कुटपालनाचे स्थान मोठे आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुट पक्षी होते, त्यांपैकी ३१.७१ कोटी, म्हणजे शंभरातील सुमारे ३७, परसात पाळलेले होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या ४५.८ टक्क्यांनी वाढली. हे पक्षी मुख्यतः अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांकडे असून त्यांची देखभाल बहुधा स्त्रिया करतात. अंड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा स्त्रीच्या हाती राहतो आणि घरातील मुलांना प्रथिने मिळतात. म्हणूनच या पक्ष्यांच्या आहारातील एखादी लहानशी उणीवही विकासाच्या दृष्टीने दुर्लक्षून चालत नाही. हिवाळ्यातील ग्रिटची कमतरता ही अशीच एक उणीव होय.

ग्रिट म्हणजे काय?

पक्ष्यांना दात नसतात. टिपलेला दाणा प्रथम अन्नपुटात साठतो व मऊ होतो. पुढे ग्रंथिजठरात त्यात पाचकरस मिसळतात आणि नंतर तो पेषणी या जाड स्नायूंच्या अवयवात येतो. पक्ष्याने गिळलेले कठीण दगडाचे बारीक खडे पेषणीत साठलेले असतात. स्नायूंच्या आकुंचनामुळे हे खडे जात्याप्रमाणे दाणा भरडतात. या खड्यांना ग्रिट म्हणतात. त्याचे दोन प्रकार असून त्यांतील भेद परीक्षार्थींनी नीट लक्षात ठेवावा.

१) अविद्राव्य ग्रिट : ग्रॅनाइट, गारगोटी इत्यादींचे खडे. जठरातील आम्लात ते विरघळत नाहीत, हळूहळू झिजतात. त्यांचे कार्य दळण्याचे आहे.

२) विद्राव्य ग्रिट : शिंपल्यांचा चुरा, चुनखडीचे कण. हे आम्लात विरघळतात व कॅल्शियम पुरवतात. दळण्यासाठी त्यांचा उपयोग अल्पकाळच होतो.

एक प्रकार दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. केवळ शिंपल्यांचा चुरा देऊन दोन्ही गरजा भागल्या असे मानणे चुकीचे आहे.

हिवाळ्यातील अडचण

महाराष्ट्रासारख्या प्रदेशात मोकळी फिरणारी कोंबडी वर्षभर माती उकरून खडे स्वतःच मिळवते. काश्मीर खोरे, लडाख, लाहौल-स्पिती अशा भागांत मात्र हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्ला-ए-कलां’ हा कडक थंडीचा काळ सुरू होतो. पक्षी खुराड्यात कोंडले जातात आणि त्यांना मका, गहू असे अख्खे धान्य दिले जाते. दळण्याची गरज कायम राहते, परंतु खड्यांचा पुरवठा थांबतो.

पेषणीतील जुने खडे काही आठवडे टिकत असल्याने ही उणीव लगेच दिसत नाही. पुढे दाणा पुरेसा भरडला जात नाही, खाल्लेल्या धान्याचा पूर्ण लाभ मिळत नाही आणि पक्ष्याचे वजन घटू लागते. थंडीत शरीर उबदार ठेवण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे महागामोलाचे धान्य नेमके या दिवसांत वाया जाणे गरीब कुटुंबास परवडत नाही.

कॅल्शियमचा हिशेब

अंड्याचे कवच प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. उलट १०० ग्रॅम मक्यात किंवा गव्हात ते ०.१ ग्रॅमही नसते. हा तुटवडा कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरून काढते. तो लांबल्यास कवच पातळ होते, पाय दुबळे होतात आणि अंडी देणे थांबते. दिवस लहान असताना अंडी मुळातच कमी मिळतात. दिवस मोठे होऊ लागले की अंडी पुन्हा वाढतात, पण उंच भागात तेव्हाही बर्फ वितळलेला नसतो. हा काळ विशेष काळजीचा असतो.

उपाययोजना

• बर्फ पडण्यापूर्वी नदीकाठची भरड वाळू किंवा ग्रॅनाइटची बारीक कच चाळून, धुऊन, वाळवून साठवावी. मोठ्या पक्ष्यांसाठी ३ ते ५ मि.मी., तर पिलांसाठी १ ते २ मि.मी. आकाराचे खडे योग्य ठरतात.

• खडे व शिंपल्यांचा चुरा वेगवेगळ्या उथळ भांड्यांत, छपराखाली ठेवावा. गरजेनुसार कोंबडी स्वतः निवड करते. शिंपले न मिळाल्यास अंड्यांची कवचे तापवून, कुटून द्यावीत.

• पिलांना व अंड्यावर न आलेल्या तलंगांना जादा कॅल्शियम देऊ नये. त्याने मूत्रपिंडांना इजा होते.

• काच, रंगाचे पोपडे किंवा रस्त्यावरील केरकचरा कधीही देऊ नये.

• केवळ दळलेले संतुलित खाद्य मिळणाऱ्या पक्ष्यांना खड्यांची गरज फारशी नसते.

ग्रिट हा पुरेसे खाद्य, न गोठलेले पाणी व लसीकरण यांना पर्याय नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

धोरणात्मक बाजू

२०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१-२२ मध्ये पुनर्रचना झाली आणि ग्रामीण कुक्कुटपालनातील उद्योजकतेसाठी भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. हैदराबाद येथे विकसित झालेल्या ‘वनराजा’, ‘ग्रामप्रिया’ यांसारख्या सुधारित जातींचे पक्षी अनेक राज्यांत पोहोचले आहेत. तथापि अधिक अंडी देणाऱ्या पक्ष्याची कॅल्शियमची गरजही अधिक असते. पिलांच्या वाटपाबरोबर हे ज्ञान पोहोचले नाही, तर सुधारित जातीचा लाभ पहिल्याच हिवाळ्यात ओसरतो. येथे मोठ्या खर्चाची नव्हे, तर वेळेवर पोहोचणाऱ्या विस्तारसेवेची गरज आहे. मूठभर खडे नदीकाठी फुकट मिळतात. ते बर्फ पडण्यापूर्वी गोळा करावे लागतात, एवढेच.

सरावासाठी प्रश्न

१. विद्राव्य व अविद्राव्य ग्रिट यांतील फरक कार्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. बर्फाळ प्रदेशात ग्रिटची उणीव उशिरा का लक्षात येते?
३. ‘सुधारित जातींच्या प्रसारास विस्तारसेवेची जोड आवश्यक आहे.’ परसातील कुक्कुटपालनाच्या संदर्भात चर्चा करा.